मैनाला डिंकाचे लाडू नकोत

पत्र तासगाव तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई द्राक्षबागायतदार कुटुंबातल्या सूनबाई आहेत. बागेतल्या घरात त्यांनी दोन वर्षांची मैना नावाची कुत्री पाळली आहे. संक्रांतीच्या दिवशी आणि पुन्हा चार दिवसांनी मैनाला कुत्रे लागले. एक शेजारच्या वस्तीवरचा, कारवानी जातीचा होता आणि एक गावातला. आता तिचं पोट सुटलंय, सड मोठे झालेत. सासूबाईंनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत आणि मेडिकलमधून कॅल्शियमची बाटलीही आणली आहे. मिस्टरांचं म्हणणं, इंजेक्शन देऊन मोकळं व्हावं. मामंजी म्हणतात, होऊ द्या, पण नर ठेवू आणि माद्या बाजारच्या दिवशी गावात सोडून येऊ. धाकटे दीर कारवानी पिल्लांना गिऱ्हाईक शोधतायत. ताई विचारतात: "तिची तारीख कधीची धरायची, खायला काय द्यायचं, आणि रात्री-अपरात्री व्यायला लागली तर मी एकटी काय करू? पिल्लांना माणसाचा हात लागला तर आई खाऊन टाकते म्हणतात, ते खरं का?"

ताई,

तुमच्या घरात प्रत्येकाकडे मैनासाठी एकेक बेत तयार आहे, पण ती गाभण आहे का, हे अजून कुणी तपासून घेतलेलं नाही. सुरुवात तिथून करू.

कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे साधारण दोन महिने तिच्या अंगात गाभणपणाचीच हार्मोनं असतात, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. त्यामुळे कित्येक कुत्र्यांचे सड मोठे होतात, पोट सुटल्यासारखं दिसतं, दूध येतं. काही जणी तर जागा उकरून बसतात आणि चप्पल नाहीतर पोराचं खेळणं पिल्लू समजून सांभाळतात. याला खोटं गाभणपण म्हणतात. तो आजार नाही, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. म्हणून सड पाहून खात्री धरू नका. बायकांसाठी मेडिकलमध्ये मिळणारी पट्टीही इथं उपयोगाची नाही. ती पट्टी जे हार्मोन शोधते ते कुत्रीत तयारच होत नाही.

तुमच्या पत्रावरून फेब्रुवारीअखेर मैनाला सहा आठवडे होऊन गेलेत. सोनोग्राफीत पिल्लांच्या हृदयाचे ठोके साधारण चौथ्या आठवड्यापासून दिसतात, म्हणजे आजही दिसतील. एक्स-रेत हाडं दिसायला ४५ दिवसांच्या पुढं जावं लागतं आणि नीट मोजायला ५५ व्या दिवसाच्या आसपासचा एक्स-रे उत्तम. तुमच्यासाठी ते दिवस ८ ते १० मार्चचे. एकदाच जाणं जमणार असेल तर तेव्हाच जा. सोनोग्राफी "आहेत" एवढं सांगते, एक्स-रे "पाच आहेत" असं सांगतो. व्यायच्या रात्री चौथं पिल्लू आल्यावर मैना शांत झोपली, तर ती दमलीय की पाचवं अडकलंय, हे ठरवायला तुमच्याकडे तो एकच आकडा असेल.

आता तारीख. गाईला रेतन केलं त्या दिवसापासून आपण दिवस मोजतो आणि हिशेब बऱ्यापैकी जुळतो. कुत्रीचं तसं नाही. अंड बाहेर पडल्यावर पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतं आणि नराचं बीज तिच्या अंगात आठवडाभरही टिकू शकतं. अंड सुटल्यापासून मोजलं तर साधारण ६३ दिवस, पण कुत्रा लागल्यापासून मोजलं तर ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणजे मैनासाठी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत कधीही. कॅलेंडरवर एका तारखेभोवती गोल करू नका, १२ मार्चपासून पुढं सगळी रेघ ओढा आणि तेव्हापासून तिला एकटी सोडून लग्नाकार्याला जाऊ नका. शेवटचा कुत्रा १८ जानेवारीला लागला, त्याचे ७० दिवस २९ मार्चला भरतात. तोवर काहीच हालचाल झाली नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे.

दिरांना एक गोष्ट सांगा. एकाच वेताची पिल्लं दोन वेगळ्या कुत्र्यांची असू शकतात. दोन कुत्रे लागले असतील तर काही पिल्लं कारवानीची आणि काही गावठी, असंही होतं, आणि जन्मल्या जन्मल्या तोंडाकडं बघून ते सांगता येत नाही. तेव्हा "कारवानी" म्हणून कुणाकडून पैसे घेऊ नका.

मिस्टरांच्या इंजेक्शनबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, कारण हा सल्ला गावोगाव दिला जातो. नको असलेला गर्भ पाडायला पूर्वी इस्ट्रोजेनसारखी हार्मोनं सर्रास टोचली जायची, आणि माहीत नसलेल्या हातांनी अजूनही टोचली जातात. त्यानं गर्भपिशवीत पू होऊ शकतो आणि अंगात रक्त तयार होण्याचंच काम बंद पडू शकतं. दोन्हींत कुत्री जाऊ शकते. गर्भ थांबवण्याचे यापेक्षा सुरक्षित मार्ग आहेत, पण ते पहिल्या काही आठवड्यांत आणि तपासणी करून, डॉक्टरच्या देखरेखीखाली. इतर वाचकांपैकी कुणाची कुत्री कालपरवा चुकून लागली असेल तर आजच जाऊन विचारा. गर्भासकट पिशवी काढण्याचं ऑपरेशनही होतं, मात्र दिवस वाढतील तसा त्यातला रक्तस्रावाचा धोका वाढतो. मैना तरुण आहे, धडधाकट आहे आणि दिवस बरेच पुढं गेलेत. तिला नीट व्यायला द्यावं आणि पुढच्या माजाआधी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं, हे माझं मत. त्याकडे शेवटी येते.

आता सासूबाईंचे लाडू. त्यांचा जीव आहे मैनावर, हे पत्रातूनच कळतं. पण बाळंतिणीचा खुराक कुत्रीला जसाच्या तसा चालत नाही आणि त्यातली एक गोष्ट तर तिच्यासाठी विष आहे. डिंकाच्या लाडवात मनुका किंवा बेदाणे घालतात. द्राक्ष, मनुका, बेदाणा यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं आता मानलं जातं. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा भरवसा नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही बरा राहतो आणि एखादा थोडक्यात आजारी पडतो. तुमच्या घरी तर हा प्रश्न लाडवापुरता नाहीच. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे बेदाण्याचा हंगाम. शेडमध्ये रॅकखाली माल सांडलेला असतो आणि वाढत्या भुकेची गाभण कुत्री तिथं तोंड घालणारच. आजपासून मैनाला शेडकडं फिरकू देऊ नका. खाल्लेलं दिसलं, उलट्या सुरू झाल्या, ती मरगळली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. "आमची आजवर खात आलीय, काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतील. यंदा तिच्या पोटात पिल्लं असू शकतात, हा जुगार खेळू नका. कांदा-लसूणही तिला वर्ज्य, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे उरलेला रस्साही नाही.

कॅल्शियमची बाटली कपाटात ठेवून द्या. हे ऐकून सासूबाईंना नवल वाटेल, कारण सुनेला आणि गाईलाही आपण कॅल्शियम देतोच. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणणारी कुत्रीची स्वतःची व्यवस्था सुस्तावते. पिल्लं प्यायला लागली, दुधातून कॅल्शियम भराभर जायला लागलं, की ती व्यवस्था वेळेवर जागी होत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. हे बहुतेक वेळा व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत होतं. पॉमेरियनसारख्या लहान जातींत जास्त, पण कुणालाही होऊ शकतं. कुत्री उगाच धापा टाकते, अस्वस्थ फिरते, पाय ताठ टाकते, थरथरते आणि मग झटके येतात. हे दिसलं की पिल्लं लगेच बाजूला काढायची आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं. शिरेतून कॅल्शियम दिलं की कुत्री बघता बघता सावरते, पण ते काम डॉक्टरचंच. चुकीच्या वेगानं गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

मग द्यायचं काय? पहिले पाच आठवडे नेहमीचंच खाणं पुरतं, कारण तोवर पिल्लं अगदी लहान असतात. त्यांची खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. म्हणजे मैनाचा खुराक वाढवायची वेळ आत्ताच आहे. हळूहळू वाढवत व्यायच्या वेळेपर्यंत रोजच्यापेक्षा पाव ते निम्म्यानं जास्त व्हायला हवं. आपल्याकडं शेतावरच्या कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-भाकरी. त्यात पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात. भाकरीच्या जोडीला उकडलेली अंडी, हाडं काढून शिजवलेलं चिकन, दही द्या. परवडत असेल तर पिल्लांसाठी मिळणारं तयार खाद्य या दिवसांत आईलाही चालतं आणि त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. पोटात जागा उरत नाही, म्हणून एकदम परातभर नको, चार वेळा थोडं थोडं द्या. तूप-गुळाचा मारा नको. एकदम फार तेलकट-तुपकट खाल्ल्यानं स्वादुपिंडाला सूज येते. भूक सगळ्यात जास्त लागेल ती पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना, तेव्हा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाल्लं तरी अडवू नका. सासूबाईंना घरात काहीतरी करायचंच असेल तर अंडी उकडण्याचं आणि पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरण्याचं काम त्यांच्याकडे द्या. मार्चच्या उन्हात ते लाडवापेक्षा मोलाचं आहे.

जंताचं औषध मात्र विचारूनच पण नक्की द्या. कुत्रीच्या अंगात दडून बसलेले गोल जंत गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात जागे होतात आणि पोटातल्या पिल्लांत शिरतात, त्यामुळे पिल्लं जन्मतानाच जंत घेऊन येतात. हे जंत माणसालाही लागतात, अंगणात मातीत खेळणाऱ्या लहान मुलांना सगळ्यात आधी. डॉक्टर गाभण कुत्रीला चालणारं औषध ठरावीक दिवस देतात आणि पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरवड्याला. गोचिडासाठी गोठ्यातलं औषध तिच्या अंगावर ओतू नका. जनावरांचं गोचिडाचं औषध कुत्रीला, त्यातही गाभण कुत्रीला, सरसकट चालत नाही. तिची जुनी लस राहिली असेल तर तेही डॉक्टरला सांगा. काही लसी गाभणपणात देत नाहीत.

जागा आठवडा-दहा दिवस आधी तयार हवी, म्हणजे ती तिला आपली म्हणेल. गोठ्यात नको. माश्या, गोचीड आणि जनावराचा पाय, तिन्हींची भीती. औषधांच्या खोलीत तर मुळीच नको, जिथं मोरचूद, गंधक आणि फवारणीचे डबे असतात. घरातली कमी वावराची, अंधारी, पण हवा खेळती असलेली कोपऱ्याची जागा बघा. मैनाएवढ्या कुत्रीला फळ्यांची चार बाय चार फुटांची चौकट पुरते. भिंती दीड फूट, एक बाजू तिला ओलांडता येईल इतकी बुटकी. आतून कडेनं जमिनीपासून तीन-चार इंचांवर पीव्हीसी पाईप बसवा, भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडून. आई कडेला अंग टाकते तेव्हा तिच्या पाठीमागं अडकलेलं पिल्लू त्या पाईपखाली वाचतं. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती साड्या किंवा धुतलेली चादर. खताची पोती नकोत. सुटे धागे लोंबणारी गोधडीही नको, पिल्लांच्या पायाला फास बसतो.

पिल्लांना पहिला आठवडा स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्यांना भोवती २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागतं. पुस्तकी सल्ला असतो तो दिवा लावायचा. तासगावात मार्चच्या दुपारी पत्र्याखाली दिवा लावलात तर पिल्लं भाजून निघतील. दुपारी ओलं गोणपाट दाराला आणि पंख्याचा झोत दुसरीकडं. दिवा फक्त पहाटेच्या गारठ्यात आणि तोही एका कोपऱ्यावर, म्हणजे ज्याला नको तो सरकेल. पिल्लंच सांगतात. एकावर एक चढून किंचाळत असतील तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. आणि शेक-शेगडी, धुरी काही नको. पिल्लांची फुप्फुसं तो धूर सोसत नाहीत. पिल्लांना तेल लावून आंघोळही घालू नका.

आता ती रात्र. ५५ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मैनाचं तापमान घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात. तो नंतर माणसाला वापरू नका. कुत्रीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या घरात असतं. ते ९९ च्या खाली उतरलं की साधारण बारा ते चोवीस तासांत कळा येणार असं समजा. त्याच सुमारास ती खाणं सोडते, धापा टाकते, थरथरते, चादर उकरते, एखादी उलटी करते. हे सहा ते बारा तास चालतं, पहिलटकरणीला जास्तही. या वेळी घाबरायचं कारण नाही आणि काही करायचंही नाही. पोरांना लांब ठेवा, शेजारणीला बोलावू नका, तुम्ही एकट्या जवळ शांत बसा.

मग पोट आवळून जोर देणं सुरू होतं. पहिलं पिल्लू तास-दोन तासांत, पुढची साधारण अर्ध्या-एक तासाच्या अंतरानं. आधी मागचे पाय आले तर "उलटं आलं" म्हणून ओरडू नका. कुत्रीत निम्म्याच्या आसपास पिल्लं अशीच येतात. पिल्लू पातळ पडद्यात असतं. आई तो फाडते, चाटते, नाळ तोडते. मिनिटभरात तिनं पडदा फाडला नाही तर तुम्ही बोटानं तोंडापाशी फाडा, नाक-तोंड पुसा, डोकं किंचित खाली धरून कोरड्या टॉवेलनं पाठ जोरात चोळा. पिल्लू केकाटलं की आईच्या सडाला लावा. पिल्लू हातात धरून गरागरा फिरवून पाणी काढायची पद्धत सोडा, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ तुम्हाला कापावी लागली तर पोटापासून इंचभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधा, त्यापुढं कापा, टोकाला बीटाडिन. पुढचं पिल्लू येताना आधीची चिरडू नयेत म्हणून द्राक्षाचं रिकामं क्रेट जवळ ठेवा, आत कापड आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. प्रत्येक पिल्लामागं एक जार म्हणजे वार पडते, ते मोजा. मैना एक-दोन खाईल, चालतं. सगळे खाल्ले तर जुलाब होतात.

आता ज्यासाठी धावायचं ते. वीस-तीस मिनिटं जोरात कळा देऊनही पिल्लू नाही. आत पिल्लं आहेत हे एक्स-रेवरून माहीत असताना दोन तासांत पुढचं नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलंय. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळा स्राव आला, म्हणजे एखादा जार सुटलाय आणि ते पिल्लू गुदमरतंय. पहिल्या पिल्लानंतर हिरवा रंग दिसणं मात्र ठीक आहे. तापमान उतरून चोवीस तास झाले आणि कळा नाहीत. लाल रक्त थांबत नाही. यांतलं काहीही असलं की "सकाळपर्यंत बघू" नाही.

आणि एक गोष्ट तळमळीनं सांगते. दुभत्या जनावरांच्या भागात पान्हा सोडायच्या नावाखाली ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हाताशी असतं, आणि कुणीतरी नक्की म्हणेल, "एक टोच, पटकन सुटेल." पिल्लू आडवं असेल किंवा वाटेपेक्षा मोठं असेल तर त्या इंजेक्शननं पिशवी फाटू शकते. आतली वाट मोकळी आहे हे तपासल्याशिवाय ते द्यायचं नसतं. कुणालाही टोचू देऊ नका, टोचणारा कितीही जवळचा असला तरी.

हात लागला की आई पिल्लं खाते, हे तसं खरं नाही. मैना तुमच्या हाताच्या वासात वाढली आहे. पिल्लू मारणं किंवा टाकणं घडतं ते बहुधा पहिलटकरणीकडून, गोंगाट, बघ्यांची गर्दी, सारखी जागा बदलणं, वेदना किंवा पिल्लातच काही दोष यांमुळे. तेव्हा तुमचा हात चालेल, गल्लीतल्या वीस पोरांचा नाही. रोज एकदा हात धुऊन प्रत्येक पिल्लू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. ओळखायला गळ्यात सैल रंगीत लोकर चालेल, दोन दिवसांनी सैल करून बदलायची. दीड आठवड्यात वजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं सलग दोन दिवस वाढत नाही ते आजारी आहे, मग दिसायला कितीही गोजिरवाणं असो.

पहिल्या बारा तासांत सगळ्यांनी चिकाचं दूध प्यायलंच पाहिजे, रोगाशी लढायची ताकद त्यातून जाते. आईला दूध कमी पडलं तर गाई-म्हशीचं दूध नुसतं पाजू नका. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा खूप जास्त असतात. पिल्लांसाठीची दूधपावडर एक डबा आधीच आणून ठेवा. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड अंगात दूध पचत नाही. पाजताना पिल्लू पालथंच ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं.

मैनाचा लालसर-तपकिरी स्राव तीन-चार आठवडे दिसेल. त्याला घाण वास आला, ताप आला, किंवा एखादा सड गरम आणि दगडासारखा झाला, तर डॉक्टर. डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, ते ओढून उघडू नका. चौथ्या आठवड्यात भिजवलेलं मऊ खाणं सुरू करा.

राहिले मामंजी. त्यांना तुम्ही उलट बोलू शकत नाही हे मी समजून आहे, म्हणून त्यांच्यापुढं मांडायला काही मुद्दे देते. माद्या नको असतात कारण त्या पुढं व्यातात, बाकी राखणीला मादी नरापेक्षा कमी नसते. मैनाच तुमची बाग राखते आहे की. आणि सोडून दिलेल्या माद्याच वर्षभरात गावात व्यायला लागतात, मग त्याच पिल्लांचा त्रास सगळ्या गावाला होतो. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. तेव्हा पिल्लं किती ते एक्स-रेत कळलं की त्याच दिवसापासून घरं बघायला लागा. आठ आठवड्यांच्या आत कुणाला देऊ नका, आईकडून आणि भावंडांकडून ती किती जोरानं चावायचं हे शिकत असतात. देताना जंताचं औषध झालेलं, पहिली लस टोचलेली आणि तारखा लिहिलेला कागद सोबत. मादी घेणाऱ्याला सांगा की नसबंदीचा निम्मा खर्च आम्ही देऊ. शेवटी घर न मिळालेली एक-दोन पिल्लं मैनापाशीच राहतील, हे मामंजींनी आधीच मान्य केलेलं बरं.

मैनाचं स्वतःचं ऑपरेशन जूनमध्ये, पिल्लं तुटून दूध आटल्यावर. पाजत असताना गर्भ राहत नाही यावर विसंबू नका. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा हाच प्रश्न. पिशवी काढली की तिच्यात पू होण्याचा पुढचा धोकाही संपतो. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. तुम्हाला तालुक्याचा सरकारी दवाखाना किंवा सांगली-मिरजेतले कुत्र्यांवर काम करणारे खासगी दवाखाने. पग, बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्या पाळणाऱ्यांनी मात्र वरचं सगळं वाचूनही घरी बाळंतपण करण्याचा विचार करू नये. त्यांच्यात पिल्लांची डोकी मोठी आणि वाट अरुंद, सिझेरियन अनेकदा लागतंच.

८ ते १० मार्चच्या दरम्यान एक्स-रेला जाल तेव्हा मिस्टरांना बरोबर न्या. तिथं डॉक्टरांना विचारा: रात्री फोन केला तर कोण उचलेल, सिझेरियन लागलं तर ते इथंच होतं का, आणि साधारण किती खर्च येईल. उत्तरं मिस्टरांच्या समोर मिळू द्या आणि तो नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. म्हणजे रात्री दीड वाजता गाडी काढायची की नाही यावर घरात वाद होणार नाही.